हानुनूओ लिपीत अक्षराच्या शेवटचं व्यंजन लिहीत नाहीत, मग फाँट आणि कीबोर्ड कसा करावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गल्लत होत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. फिलिपिन्समधल्या मिंडोरो बेटावर हानुनूओ मांग्यान लोक राहतात. त्यांच्या लिपीसाठी तुम्ही फाँट आणि कीबोर्ड करताय. देवनागरीचं काम तुम्ही आधी केलेलं आहे; ही लिपीही ब्राह्मीच्या कुळातली, अक्षरं मोजकी, त्यामुळे काम झटपट उरकेल असं वाटलं. मग लक्षात आलं की अक्षराच्या शेवटी येणारं व्यंजन ही मंडळी लिहीतच नाहीत, आणि ‘लिपी अपुरी आहे’ असं तुम्ही लिहिलंत. ‘आंबाहान’ हा त्यांच्या कवितेचा प्रकार, पण लिहिताना तो अ-ब-ह एवढाच. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: असं लिहिलेलं वाचतात कसं, युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) आपल्या हलन्तासारखं ‘पामुदपोद’ चिन्ह आहे तर ते कीबोर्डनं आपोआप घालून लेखन ‘पूर्ण’ करावं का, आणि तोवर मजकूर देवनागरीत साठवला तर चालेल का.

फाँटचं काम खरंच सोपं आहे, त्यात तुम्ही अडकणार नाही. अडचण वेगळीच आहे. एका शब्दाची दोन लेखनं तिथे आज शेजारी शेजारी नांदतायत आणि त्यातलं बरोबर कुठलं हे ठरवायचा अधिकार कीबोर्ड करणाऱ्याकडे नाही. माझं काम लिप्या संगणकावर आणण्याचं आहे आणि या कामात हा पेच वारंवार येतो. माझं उत्तर असं: आपोआप काही घालू नका, दोन्ही लेखनांची सोय करा आणि कुठलं कधी वापरायचं हे मजकूर कशासाठी आहे त्यावर सोडा. हे असं का, ते सविस्तर सांगते.

लिपीची घडण देवनागरीवाल्याला पाच मिनिटांत कळते. सुटे स्वर तीन: अ, इ, उ. व्यंजनं पंधरा: क ग ङ, त द न, प ब म, य र ल व, स ह. महाप्राण नाहीत, ट-वर्ग नाही, च-वर्ग नाही. व्यंजनात ‘अ’ गृहीत धरलेला, ‘इ’ आणि ‘उ’ साठी एकेक स्वरचिन्ह. भाषेत मुळात स्वर तीनच, म्हणून बाहेरून आलेल्या शब्दांतले ए-ओ हे इ-उ वर भागवतात. मिंडोरो लिहायचं तर मि-दु-रु. पंधरा व्यंजनं गुणिले तीन स्वर, अधिक तीन सुटे स्वर, अशी ४८ अक्षरं होतात आणि लिपी शिकवायच्या तक्त्यावर तेवढीच असतात. ‘र’ला स्वतंत्र अक्षर आहे हेही ध्यानात ठेवा. मनिलाकडच्या टागालोग भाषेच्या जुन्या लिपीत द आणि र एकाच अक्षरावर भागत असे, त्यामुळे ‘फिलिपिन्सच्या सगळ्या लिप्या सारख्याच’ असं धरून दुसऱ्या लिपीचा कीबोर्ड जसाच्या तसा उचलू नका.

मिंडोरोवर मांग्यानांचे सात-आठ समाज आहेत. त्यांतल्या दोघांनीच स्वतःची लिपी टिकवली: दक्षिणेकडचे हानुनूओ आणि त्यांच्या शेजारचे बुहिद. पलावान बेटाकडच्या ताग्बान्वा आणि पलावान या लिप्या धरून अशा चार लिप्या आज फिलिपिन्समध्ये परंपरेनं चालत आलेल्या आहेत. १९९७ साली तिथल्या सरकारनं त्यांना राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली आणि १९९९ मध्ये त्या युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदीत गेल्या. बोलणारे हजारांत मोजावेत इतकेच, डोंगरात फिरती शेती करणारे. मनिलाच्या आसपासची टागालोग लिपी स्पॅनिश काळात वापरातून गेली आणि या डोंगरातली राहिली, हे विसरू नका. ती कुठल्या शाळेनं किंवा सरकारनं टिकवलेली नाही.

आता वाचतात कसं याकडे वळू.

मराठीत ‘कमळ’ लिहिताना आपण ‘ळ’चा पाय मोडत नाही, तरी शेवटचा ‘अ’ कुणी उच्चारत नाही. म्हणजे आपण जास्तीचं लिहितो आणि वाचणारा ते गाळतो. हानुनूओ लेखक कमी लिहितो आणि वाचणारा ते भरतो. भरायचं किती, याचा हिशेब करून बघा. अ-ब-ह मधलं प्रत्येक अक्षर एकतर जसं आहे तसं वाचायचं किंवा पंधरापैकी एखादं व्यंजन त्याला जोडायचं, म्हणजे प्रत्येकी १६ पर्याय. तीन अक्षरांचे १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६. कागदावर हा आकडा भयंकर दिसतो. पण भाषेत तसे शब्द किती? मूठभर. आणि त्या ओळीत, त्या विषयात बसतील असे एक किंवा दोन. ज्याची ती मातृभाषा आहे त्याला बाकीचे चार हजार दिसतसुद्धा नाहीत.

दुसरं म्हणजे, लिहिलं काय जातं? बांबूवर सुरीच्या टोकानं कोरलेला मजकूर बहुतेक दोन प्रकारचा: एकमेकांना पाठवलेली पत्रं-निरोप आणि आंबाहान. आंबाहानाची ओळ सात अक्षरांची असते. अक्षर म्हणजे इथे उच्चारातलं अक्षर, आपल्या अक्षरगणवृत्तात मोजतो तसं. ओळींच्या शेवटी यमक, आणि बऱ्याचदा एकच यमक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आता गंमत बघा. शेवटचं व्यंजन लिहायचंच नाही असा नियम असल्यामुळे उच्चारातलं एक अक्षर म्हणजे बरोबर एक लिहिलेलं अक्षर. सात अक्षरांची ओळ बांबूवर सात खुणांचीच दिसते. वृत्त डोळ्यांनी मोजता येतं. शिवाय यमक एकच असल्यामुळे पहिल्या ओळीचा शेवट ‘-आन’ आहे हे कळलं की पुढच्या सगळ्या ओळींचं गाळलेलं व्यंजन फुकटात मिळतं. लेखनात जे गळतं त्यातलं बरंचसं काव्याचा घाट परत देतो.

तिसरी बाब शिकण्याची. ही लिपी पोरं वयात येताना, मुख्यतः प्रेमगीतं जमवायला आणि पाठ करायला शिकत आली आहेत. वर्णमाला क्रमानं घोकत नाहीत. आधी स्वतःचं नाव लिहायला शिकतात आणि तिथून पुढे सरकतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे काम केलं. शाळा नसताना या समाजात साक्षरतेचं प्रमाण चांगलंच होतं, हे त्यांच्या लेखनामुळे बाहेरच्या जगाला कळलं. ज्याला गाणं आधीच ऐकून निम्मं-अधिक येतं, त्याला बांबूवरच्या खुणा आठवण द्यायला पुरतात.

मोडीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, शब्द तोडून लिहीत नसत, तरी दफ्तरातला कारकून पत्र झरझर वाचून दाखवायचा. पत्राचा मायना, मधले ठरीव शब्द, शेवटची पद्धत त्याच्या अंगवळणी पडलेली होती. तेच पत्र आज आपण अडखळत वाचतो. लिपी तीच आहे, वाचणाऱ्याच्या डोक्यातला साठा बदलला. हानुनूओच्या बाबतीत तुम्ही आणि मी त्या अडखळणाऱ्यांत मोडतो. त्यात आंबाहानातले शब्द रोजच्या बोलीपेक्षा जुने आणि वेगळे असतात, म्हणजे बोली शिकलेला परकाही तिथे गडबडतो.

म्हणून ‘लिपी अपुरी आहे’ हे तुमचं वाक्य मी खोडेन. ज्या वाचकासाठी आणि ज्या मजकुरासाठी ती वापरली गेली त्यांना ती पुरली. मात्र मजकूर बदलला की पुरेनाशी होते, हेही तितकंच खरं. औषध किती घ्यायचं याची सूचना, अनोळखी माणसाचं नाव, शब्दकोश, जमिनीचे कागद: इथे यमक मदतीला येत नाही. मान्सालाय हे गावाचं नाव म-स-ल असं लिहिलं तर त्या गावच्या माणसाला कळेल. पनायतायान हे प-न-त-य असं लिहिलं तर बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळेलच असं नाही.

इथे तुमच्या पामुदपोदाचा प्रवेश होतो. त्याची हकिगत थोडी आधीपासून सांगायला हवी. टागालोग आणि उत्तर लुझोनमधल्या इलोकानो या भाषांच्या भागात स्पॅनिश धर्मगुरूंना हाच त्रास होता. फ्रान्सिस्को लोपेझ यांनी १६२० च्या सुमारास इलोकानोमधल्या धर्मपुस्तकासाठी अक्षराखाली क्रुसाची खूण काढून ‘इथे स्वर नाही’ असं दाखवायची सोय केली. स्थानिक लोकांनी ती फारशी उचलली नाही. त्यांना अडत नव्हतं. अडत होतं ते परभाषेतले शब्द आणि धर्मातलं नेमकं वाक्य छापू पाहणाऱ्यांचं.

हानुनूओत पामुदपोद आणलं ते अन्तोन पोस्तमा यांनी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. पोस्तमा मूळचे डच, कॅथलिक धर्मगुरू. मान्सालायजवळच्या पनायतायानमध्ये मांग्यानांबरोबर त्यांनी आयुष्य काढलं, हजारो आंबाहान जमवले. २०१६ साली ते गेले. पामुदपोद परक्यानं आणलं, पण तो परका भाषा बोलणारा, तिथेच राहिलेला आणि काव्य जाणणारा होता. लिपी शिकवताना ते कामी आलं, कारण शाळेत रोमन लिपीतून फिलिपिनो आणि इंग्रजी शिकलेल्या मुलाला शेवटचं व्यंजन दिसायची सवय लागलेली असते. काही जण ते वापरतात, काही जण जुन्या पद्धतीनंच लिहितात, तर काही जण मजकूर पाहून ठरवतात.

पोस्तमांचं नाव तुम्ही कदाचित दुसऱ्या संदर्भात ऐकलं असेल. लुझोन बेटावर सापडलेला लगुना ताम्रपट त्यांनी वाचला. त्यावरची तिथी मराठी पंचांग पाहणाऱ्याला विनासायास कळते: शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ. स. ९००. लिपी कावी, म्हणजे जुन्या जावाची, भाषा जुनी मलय, मजकूर एका माणसाचं सोन्याचं कर्ज फिटल्याचा. त्या लेखात शेवटची व्यंजनं नीट दाखवलेली आहेत. म्हणजे हलन्ताची युक्ती त्या बेटांवर इ. स. ९०० मध्ये पोहोचलेली होती, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी पाहिलेल्या लिप्यांत ती नाही. मधल्या काळात काय झालं यावर अभ्यासकांत वाद आहेत. कुणी या लिप्यांची मुळं कावीत शोधतं, कुणी सुलावेसी-सुमात्राच्या वाटेनं जातं, एक मत थेट गुजराती लिपीपर्यंत पोहोचतं. या वादात तुमच्या फाँटनं पडायची गरज नाही. पण कुणी ‘मूळ भारतीय लिपीत हलन्त होता, म्हणून इथेही पाहिजेच’ असं म्हणू लागलं तर ऐकू नका. मूळ काय होतं त्यावरून आजच्या लेखकानं काय लिहावं हे ठरत नाही. त्या न्यायानं मराठीतला ‘घर’ आपल्याला ‘घर्’ लिहावा लागेल.

आता कीबोर्डनं पामुदपोद आपोआप का घालू नये, याचं तांत्रिक कारण. पूर्ण लेखनावरून जुनं लेखन काढणं यांत्रिक आहे: ज्या व्यंजनावर पामुदपोद आहे ते व्यंजन आणि ते चिन्ह, दोन्ही गाळा, उरतं ते पारंपरिक लेखन. अ-म्-ब-ह-न् वरून अ-ब-ह. उलट्या दिशेनं जायचं तर भाषा जाणणारा माणूस लागतो. शब्दसूची जोडून अंदाज बांधता येईल, पण आंबाहानातले जुने शब्द त्या सूचीत नसणार आणि तुमचं यंत्र ठामपणे चुकीचं व्यंजन घालेल. चुकीचं गाळलेलं वाचक भरून काढतो. चुकीचं घातलेलं मात्र त्याला आधी खोडावं लागतं, आणि संगणकानं घातलंय म्हणून पुष्कळदा तो खोडतही नाही. वृत्ताचं नुकसान वेगळंच: सात खुणांची ओळ नऊ-दहा खुणांची झाली की डोळ्यांना दिसणारं माप गेलं.

मी साठवण करताना असं करते. जुन्या बांबूवरचा, पान खाणाऱ्यांच्या चुनाळ्यांवरचा किंवा हस्तलिखितातला मजकूर जसा कोरलाय तसाच, एकही चिन्ह न वाढवता एका रकान्यात. दुसऱ्या रकान्यात भाषकानं वाचून दाखवलेला पूर्ण उच्चार, रोमनमध्ये किंवा पामुदपोदासह. तो कुणी वाचला, कधी वाचला, कुठे अडला याची नोंद तिसऱ्यात. दोन भाषक वेगळं वाचत असतील तर दोन्ही वाचनं ठेवते. निवाडा माझ्याकडे घेत नाही. नवा मजकूर असेल, म्हणजे शाळेचं पुस्तक किंवा पाटी, तर लिहिणाऱ्यालाच विचारते आणि शक्यतो पूर्ण लेखन साठवते, कारण त्यावरून जुनं कधीही काढता येतं. शोध घेताना दोन्ही बाजूंची पामुदपोद असलेली व्यंजनं चिन्हासकट गाळून तुलना करायची, म्हणजे एकाच शब्दाची दोन्ही लेखनं सापडतात. जास्तीचे निकाल येतील. येऊ द्यात, वाचणारा निवडेल.

याला अपवाद आहेत. तुमचं काम फक्त मुलांच्या वाचनमालेसाठी असेल आणि समाजातल्या शिक्षकांनी पामुदपोद ठरवलं असेल, तर तेच प्रमाण धरा, उगाच दोन लेखनांचा घोळ घालू नका. फक्त सजावटीची पाटी किंवा टी-शर्ट असेल तर मी म्हणेन आधी एखाद्या भाषकाला दाखवा. जगभर अशा लिप्यांत चुकीचं लिहिलेले पोशाख आणि गोंदणं फिरतायत, त्यात भर नको.

फाँटबद्दल थोडक्यात. युनिकोडमध्ये ही लिपी २००२ साली ३.२ या आवृत्तीत आली, टागालोग, बुहिद आणि ताग्बान्वा यांच्यासोबत. हानुनूओच्या विभागात एकूण २३ चिन्हं आहेत: १८ अक्षरं, दोन स्वरचिन्हं, पामुदपोद, आणि आपल्या एकेरी-दुहेरी दंडासारखी दोन विरामचिन्हं, जी चारही लिप्यांना सामायिक आहेत. देवनागरीतल्या दोन मोठ्या डोकेदुख्या इथे नाहीत. ऱ्हस्व वेलांटीसारखं मागून टाइप होऊन पुढे जाऊन बसणारं चिन्ह नाही, आणि जोडाक्षरं नाहीत. पामुदपोदानं पुढचं व्यंजन जोडून येत नाही, आधीचं अर्धं होत नाही. ते तिथे नुसतं दिसतं. देवनागरीच्या सवयीनं हलन्ताचे सगळे नियम फाँटमध्ये आणले असतील तर काढून टाका.

खरं काम स्वरचिन्हांत आहे. तक्त्यावर इ वर आणि उ खाली असं साधं दिसतं, पण कोरताना ही रेघ व्यंजनाच्या अंगाला चिकटते आणि काही अक्षरांत मूळ आकारच बदलतो. एकच रेघ सगळीकडे त्याच उंचीवर बसवली तर वाचता येईल, पण छापील तक्त्यासारखं निर्जीव दिसेल. ४८ अक्षरांसाठी ४८ आकार स्वतंत्र काढा आणि फाँटच्या नियमांनी ते बदलून घ्या. संख्या इतकी लहान आहे की इथे आळस परवडणारा नाही. आकार काढताना बांबूवर कोरलेल्या अक्षरांचे फोटो समोर ठेवा. सुरीच्या रेघेत जोर कुठे सुरू होतो आणि कुठे सुटतो, ते पेनानं काढलेल्या तक्त्यात दिसत नाही.

दिशा हा तुमच्या टिपणात राहून गेलेला मुद्दा. बांबू अंगाशी धरून सुरीचं टोक स्वतःपासून दूर ढकलत कोरतात, त्यामुळे ओळ खालून वर जाते आणि पुढची ओळ तिच्या उजवीकडे येते. घाबरू नका, हे फक्त फिरवणं आहे: डावीकडून उजवीकडे जाणारा आडवा मजकूर घड्याळाच्या उलट दिशेनं ९० अंशांत फिरवा, नेमकं हेच मिळतं. आडव्यात वर असलेलं चिन्ह उभ्यात डावीकडे जातं, खालचं उजवीकडे. त्यामुळे फाँट आडवाच करा. वेबपानासाठी सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) ‘साइडवेज-एलआर’ ही मांडणी याच कामाची आहे; फायरफॉक्समध्ये ती फार आधीपासून होती, इतर ब्राउझर अलीकडे आले, म्हणून जुन्या फोनवर तपासून बघा. आणि डावखुरे लोक आरशातल्यासारखं उलटं लिहितात, वाचणारेही कुठल्याही बाजूनं वाचायला सरावलेले असतात. संग्रहातला एखादा फोटो उलटा छापलाय असं वाटलं तर तो ‘सुधारून’ टाकण्याआधी बांबूच्या बाकीच्या खुणा पाहा.

कीबोर्डवरच्या अक्षरांच्या जागांबद्दल एवढंच: युनिकोडचा क्रम क-ग-ङ, त-द-न असा आपल्या ओळखीचा आहे म्हणून तो वापरणाऱ्यांनाही ओळखीचा असेल असं समजू नका. त्यांच्याकडे ठरलेला क्रम घोकायची रीतच नाही. फोनवर रोमन कीबोर्ड रोजच्या सवयीचा असतो. त्याच जागांवर अक्षरं बसवली, म्हणजे क च्या जागी क, तर शिकावं लागत नाही. पामुदपोदाला वेगळी कळ द्या, दडवू नका आणि लादूही नका.

देवनागरीत साठवण्याबद्दल. तुमच्या वहीसाठी खुशाल करा, मीही करते. अ-गृहीत लिपीचं टिपण अ-गृहीत लिपीत घेणं हाताला सोपं जातं. पण संग्रहाची मुख्य प्रत देवनागरीत ठेवू नका. एक तर शब्दाच्या सुरुवातीचा ङ: मराठी डोळा तो हमखास ड वाचतो, टंकलेखन करणाराही एखादा ठिपका विसरतो आणि ‘ङ’चा ‘ड’ होतो, जो भाषेत नाहीच. दुसरं, ज्यांच्या कविता आहेत त्यांना ती प्रत तपासता येणार नाही. रोमन त्यांना येते, स्वतःची लिपी काहींना येते, देवनागरी कुणालाच नाही. ज्या प्रतीतली चूक मालकाला दिसत नाही ती प्रत मुख्य असू नये.

शेवटी परवानगीचं. फिलिपिन्समध्ये १९९७ पासून आदिवासी समाजांच्या हक्कांचा कायदा आहे, रिपब्लिक अॅक्ट ८३७१, आणि त्यात सांस्कृतिक ठेव्यावरचा समाजाचा हक्क मान्य केलेला आहे. युनिकोडमधली चिन्हं सर्वांसाठी खुली आहेत, फाँट काढायला कुणाची हरकत नसेल. पण आंबाहानांचा संग्रह, कोरीव बांबूंचे फोटो, शिकवायचं साहित्य हे वेगळं. कालापान शहरातलं मांग्यान हेरिटेज सेंटर अशा कामांसाठी पहिला थांबा म्हणून योग्य. त्यांच्याशी बोलायच्या आधी हातात काहीतरी दाखवण्यासारखं असू द्या: मिंडोरो, मान्सालाय, पनायतायान, आंबाहान, मांग्यान हे पाच शब्द दोन्ही लेखनांत, आडवे आणि उभे, एका पानावर. ‘मांग्यान’ लिहिताना मात्र मराठी वळणानं मधे ‘ग’ घालू नका. तिथे नुसता ङ आहे, जुन्या लेखनात म-य आणि पूर्ण लेखनात म-ङ्-य-न्. पान दाखवून विचारा, यातलं तुम्ही कुठलं लिहाल. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारा, उत्तरं वेगळी येतील, आणि तुमच्या कीबोर्डमध्ये काय सुरुवातीला चालू ठेवायचं आणि काय बंद, ते त्यावर ठरवा.